टायगर आणि टॅब: भुसावळच्या एका म्हाताऱ्या कुत्र्याचं प्रकरण

लॅब्राडॉर, नर, वय ११ वर्षं, वजन ४१ किलो. घर भुसावळला, तळमजल्यावर, मागे छोटं अंगण. घरात माणसं दोनच: रेल्वेतून लोको पायलट म्हणून निवृत्त झालेले नाना आणि काकू. मूळ अमळनेरकडचे, त्यामुळे घरातलं बोलणं अहिराणी. इंजिनिअरिंगला असलेला नातू सुट्टीत येतो. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, त्यांनी मला बोलावलं, तेव्हा नानांनी तक्रार एका दमात सांगितली: "ताई, रातले झोपत नही, दिनभर झोपेल ऱ्हास. याना डोकामा काहीतरी बिघडी गयं."

खोलात विचारल्यावर चित्र स्पष्ट झालं. रात्री दोन-अडीचला टायगर उठायचा आणि हॉल ते स्वयंपाकघर अशा फेऱ्या सुरू व्हायच्या. मध्येच कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. अंगणात जायचं असलं की दाराच्या उघडणाऱ्या बाजूला न जाता बिजागरीच्या बाजूला उभा राहून वाट बघायचा. आयुष्यात कधी घरात घाण न केलेला कुत्रा आता अधूनमधून हॉलमध्ये लघवी करत होता. काकूंना सगळ्यात लागलं ते वेगळंच होतं. नाना बाजारातून आले तरी हा फाटकाशी जात नव्हता. मान वर करून बघायचा आणि पुन्हा टेकवायचा.

म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये मेंदूच्या ऱ्हासाचा जो आजार दिसतो, त्याची ही ठळक लक्षणं आहेत: दिशा हरवणं, माणसांशी वागणं बदलणं, झोपेचं वेळापत्रक उलटं होणं, घरात घाण, कमी झालेली हालचाल, वाढलेली बेचैनी. हे दुर्मीळ अजिबात नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ मध्ये पाळीव कुत्र्यांची पाहणी केली. त्यात ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांमध्ये, तर १५-१६ वर्षांच्या कुत्र्यांपैकी ६८ टक्क्यांमध्ये यातलं किमान एक लक्षण आढळलं. आपल्याकडे ते "वय झालं" या दोन शब्दांत संपवलं जातं. त्या दोन शब्दांमागे बहुतेक वेळा दुखणंही दडलेलं असतं, म्हणून पहिलं काम टॅबवरच्या खेळांचं नव्हतं, तपासणीचं होतं.

रक्त, लघवी, मूत्रपिंड, यकृत, साखर, थायरॉईड, सगळं पाहिलं. ते ठीक निघालं. डोळ्यांत निळसर धूसरपणा होता, पण तो मोतीबिंदू नव्हता. सात-आठ वर्षांनंतर बहुतेक कुत्र्यांच्या भिंगात येतो तसा वयाचा घट्टपणा होता. दूरचं बऱ्यापैकी दिसत होतं. दोष सापडला तो मागच्या पायांत. दोन्ही खुब्यांमध्ये संधिवात होता, आणि वजन असायला हवं त्यापेक्षा सात-आठ किलो जास्त. खुब्याला हात लावला की टायगर मान वळवून माझ्या हाताकडे बघायचा. ओरडत नव्हता, एवढंच. रात्री गारठलेल्या फरशीवर एका कुशीवर पडून राहणं त्याला जमत नसणार, म्हणजे फेऱ्यांचं एक कारण तिथेच होतं.

वेदनाशामक सुरू केलं, कुत्र्यांसाठीचं, वजनानुसार. हे मुद्दाम लिहिते, कारण घरातली आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल अर्धी मोडून कुत्र्याला देणारी माणसं मला दर महिन्याला भेटतात. कुत्र्याचं पोट, मूत्रपिंड किंवा यकृत त्यात कायमचं जाऊ शकतं. जेवण मोजून द्यायचं ठरलं. दूध-भाकरीचा रात्रीचा वाडगा बंद झाला आणि यावर काकू माझ्यावर काही दिवस नाराज होत्या.

आता मुख्य अडचण. वजन उतरायला आणि डोकं जागं राहायला हालचाल लागते, आणि भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. सकाळी साडेआठनंतर डांबरावर तळहात टेकवत नाही, तिथे पंजे काय टेकतील. टायगरला पहाटे पाचला आणि रात्री नऊनंतर, तेही खुबे सोसतील तेवढंच चालवता येत होतं. उरलेले सोळा तास कूलरसमोर. म्हणजे ज्या कुत्र्याला सगळ्यात जास्त काहीतरी करायला हवं होतं, त्याच्याकडे करण्यासारखं काहीच नव्हतं.

टॅबची कल्पना नातवाची. व्हिएन्नामध्ये म्हाताऱ्या कुत्र्यांना टचस्क्रीनवर खेळ शिकवतात, असं त्याने कुठेतरी पाहिलं होतं, आणि त्याने विचारलं तेव्हा त्याला अपेक्षा होती मी हसेन. मी हसले नाही, कारण ते काम मला माहीत होतं. व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या 'क्लेव्हर डॉग लॅब'मध्ये कुत्री टचस्क्रीनला नाक लावून उत्तरं देतात, हे २००८ पासून प्रसिद्ध होत आलं आहे. पहिल्या प्रयोगात फ्रीडरीके रांगे आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांना फोटो ओळखायला लावले होते: कुत्र्यांचे एकीकडे, निसर्गदृश्यांचे दुसरीकडे. नंतर लिसा वॉलिस यांनी ५ महिन्यांपासून १३ वर्षांपर्यंतचे ९५ बॉर्डर कॉली घेऊन पाहिलं की वयाबरोबर शिकणं कसं बदलतं. २०१६ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत दोन गोष्टी माझ्या कामाच्या होत्या. म्हाताऱ्या कुत्र्यांना नवी गोष्ट शिकायला जास्त वेळा करून बघावं लागलं, हे खरं. पण शिकलेलं त्यांनी सहा महिन्यांनंतरही तरुणांइतकंच लक्षात ठेवलं, आणि 'हे नाही, म्हणजे ते' अशा वगळून ओळखण्याच्या कोड्यात म्हातारी कुत्री तरुणांपेक्षा सरस निघाली. पुढे याच गटाने म्हटलं की वय झालेल्या कुत्र्याला आपण माया म्हणून काही शिकवायचंच बंद करतो, आणि तिथेच त्याचं नुकसान करतो.

यापेक्षा जुना आणि भक्कम आधार टोरांटोचा. मिल्ग्राम यांच्या गटाने म्हाताऱ्या बीगल कुत्र्यांना दोन वर्षांहून जास्त काळ सोबत, व्यायाम, बुद्धीचं काम आणि विशिष्ट आहार दिला होता. ज्यांना हे सगळं एकत्र मिळालं, त्यांचं डोकं सगळ्यात चांगलं चाललं. तिथे टॅब नव्हता. म्हणून नाना-काकूंना मी सुरुवातीलाच सांगितलं, आणि आजही माझं मत तेच आहे: पडदा ही तिसऱ्या नंबरची गोष्ट. पहिली दुखणं थांबवणं, दुसरी नाकाला काम देणं. वास घेणं हा कुत्र्याचा मूळ धंदा आहे आणि त्याला वीज लागत नाही. गोणपाटाच्या घड्यांत, जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत, केळीच्या वाळक्या पानाच्या पुड्यांत त्याचं मोजलेलं जेवण लपवायचं आणि त्याने शोधायचं, हे पहिल्याच आठवड्यापासून सुरू केलं. रावेर-यावलकडून येणाऱ्या केळीच्या घडांबरोबर वाळकी पानं फुकट मिळतात. पान फाडण्यात टायगरची अर्धी सकाळ जायची.

मग टॅब कशासाठी? कारण वासाच्या खेळाला चालावं लागतं, आणि ज्या दिवशी खुबे धरायचे त्या दिवशी टायगर दुसऱ्या खोक्यापर्यंतही जात नव्हता. पडद्याच्या खेळात एका जागी उभं राहून डोकं वापरता येतं. या कुत्र्यासाठी पडद्याची खरी लायकी तेवढीच होती, आणि ती पुरेशी होती.

नातवाने एका रात्रीत खेळ लिहिला आणि सकाळी अभिमानाने दाखवला: काळ्या पडद्यावर एक लाल बटण, एक हिरवं. हिरव्याला नाक लावलं की बरोबर. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. निळा आणि पिवळा त्याला वेगळे कळतात; लाल आणि हिरवा मात्र दोन्ही मळकट पिवळसर-करड्या छटेचे दिसतात. हे सांगितल्यावर नातवापेक्षा नाना जास्त अस्वस्थ झाले. अख्खी हयात सिग्नल बघण्यात गेलेला माणूस. रंग ओळखायची डोळ्यांची परीक्षा नोकरीभर पुन्हा पुन्हा दिलेली. ते टायगरकडे बघून म्हणाले, "लाल-हिरवं नही दिसत तुले? मग तू फर्स्ट मेडिकलमाच फेल." आणि लगेच नातवाकडे वळले: "याच्यासाठी पिवळा सिग्नल ठेव. पिवळा म्हणजे सावकाश." तेव्हापासून बरोबर उत्तराचा रंग पिवळा.

सामान असं: नातवाचा दहा इंची टॅब, त्यावर जाड टेंपर्ड काच. सुताराकडून लाकडी चौकट करून घेतली, भिंतीला टेकवून टायगरच्या नाकाच्या उंचीवर बसवली. मान खाली वाकवून उभं राहिलं की भार खुब्यांवर जातो, म्हणून उंची महत्त्वाची. खाली रबरी मॅट, कारण गुळगुळीत टाइल्सवर संधिवाताचा कुत्रा पाय फाकवतो आणि घाबरतो. टॅबमधली स्क्रीन पिनिंगची सोय चालू केली, म्हणजे नाक चुकून खाली सरकलं तरी खेळ बंद होऊन भलतंच काही उघडत नाही. ओलं नाक टचस्क्रीनला माणसाच्या बोटासारखंच कळतं. त्रास लाळेचा होतो. लाळेचा थेंब ओघळला की पडद्याला तेही बोटच वाटतं, म्हणून शेजारी सुती फडकं. पंजा मारायची सवय मात्र लागू द्यायची नाही. नखांनी काच जाते आणि खुब्यावर उभं राहून पंजा उचलणं टायगरला दुखावणारं होतं.

शिकवणं टॅबपासून सुरू झालं नाही. आधी 'टिंग' या आवाजाला अर्थ यायला हवा होता. टॅबमधून टिंग, लगेच उकडलेल्या कोंबडीचा शेंगदाण्याएवढा तुकडा. टिंग, तुकडा. त्याच्याकडून काही न मागता. थोड्या वेळात टिंग वाजला की टायगरचे कान पुढे येऊ लागले. यात नाना माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी हुशार निघाले. टिंग नेमका त्या क्षणी वाजला पाहिजे, अर्धा सेकंद उशीर झाला तर कुत्रा भलतीच गोष्ट शिकतो, हे मला त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही. उशिराने दिलेला इशारा कामाचा नसतो, हे त्यांनी इंजिनात शिकलेलं होतं.

मग तळहात. नाक तळहाताला लागलं की टिंग. मग तळहातावर चिकटवलेली पिवळी चिठ्ठी. मग तीच चिठ्ठी भिंतीवरच्या रिकाम्या चौकटीत, मग बंद टॅबच्या काचेवर. इथे टायगर अडला. चिठ्ठीजवळ यायचा, थांबायचा, नाक दोन बोटांवर आणून बाजूला वळवायचा. बंद काचेत त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसत होतं. नातवाने खिडकीचा पडदा ओढला, कूलर बाजूला केला, प्रतिबिंब गेलं. पुढच्या खेपेला टायगरने नाक चिठ्ठीवर असं दाबलं की ओल्या नाकाचा ठसा कागदावर उमटला. टिंग वाजला आणि त्याने शेपटी एकदाच, पण आडवी पूर्ण फिरवली. काकू स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. ती शेपटी कित्येक महिन्यांत अशी हलली नव्हती, असं त्या म्हणाल्या.

त्या शेपटीला मी मोजमापाइतकंच महत्त्व देते. २०१४ मध्ये स्वीडनमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यात ज्या कुत्र्यांना स्वतः कोडं सोडवून खाऊ मिळाला, ती त्या जागी परत जायला जास्त उत्सुक होती आणि शेपटी जास्त हलवत होती. ज्यांना खाऊ तितकाच पण न कमावता मिळाला, ती हळूहळू थंड पडली. खाऊ दोघांना सारखाच होता. फरक पडला तो 'मी केलं' याने.

चिठ्ठीच्या जागी पडद्यावर पिवळा गोल आला, तळहाताएवढा. लहान आकृत्यांचा उपयोग नाही. कुत्र्याची नजर आपल्यापेक्षा बरीच धूसर असते, आणि अगदी जवळची वस्तू तर त्याला स्पष्ट दिसतच नाही. नाक काचेला लागलेलं असताना तो आकृती बघत नसतो. निर्णय लांबून व्हायला हवा. म्हणून पडद्यापासून चार पावलांवर गोणपाट घातलं. प्रत्येक प्रश्नानंतर तुकडा त्या गोणपाटावर टाकायचा, टायगर तिथे जाणार, वळणार, पडदा लांबून बघणार आणि मग येणार. चार पावलं जायची, चार यायची; खुब्यांनाही तेवढाच व्यायाम. घरी करून बघणाऱ्यांना मी पहिलं हेच सांगते, कारण बहुतेक जण कुत्र्याला पडद्याला चिकटवून बसवतात आणि मग म्हणतात त्याला काही कळत नाही.

एक गोल जमल्यावर दोन आकृत्या आल्या. पिवळा गोल बरोबर, निळा त्रिकोण चूक. चूक झाली तर पडदा काही सेकंद काळा आणि तोच प्रश्न पुन्हा. रागावणं नाही, "नाही" म्हणणं नाही. डावी-उजवी बाजू नातवाच्या प्रोग्रॅमने उलटसुलट ठेवली, एकाच बाजूला सलग तीनपेक्षा जास्त वेळा नाही. तरीही टायगर बराच काळ डावीकडेच जायचा. बहुतेक कुत्री असं करतात. अर्ध्या वेळा खाऊ मिळतोच, मग डोकं कशाला चालवायचं. तोच प्रश्न पुन्हा येत राहतो आणि डावीकडे काही मिळत नाही, हे लक्षात आल्यावर तो उजवीकडे गेला आणि तिथून चढण सुरू झाली.

नातवाने वहीत नियम लिहिला: २० प्रश्नांत १५ किंवा जास्त बरोबर आले तरच टायगरला येतं असं मानायचं. नुसत्या नशिबाने १५ बरोबर यायची शक्यता दोन टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून हा आकडा. मेअखेरीस टायगर तिथे पोचला आणि घरात पेढे वाटायची तयारी झाली. तेव्हा मी एक गोष्ट करून बघायला सांगितली. नाना पडद्याच्या शेजारी उभे राहायचे. त्यांनी आता मागे खुर्चीवर, दाराकडे तोंड करून बसायचं.

टायगर गोणपाटावरून वळला, पडद्याकडे बघितलं, मग नानांच्या पाठीकडे बघितलं. परत पडद्याकडे. मग डावीकडे गेला, चुकला. पुन्हा नानांकडे बघितलं. त्या दिवशीचं उत्तरपत्रक अर्ध्यावर आलं.

बर्लिनमधल्या हान्स नावाच्या घोड्याची गोष्ट प्राण्यांबरोबर काम करणाऱ्या सगळ्यांना शिकवली जाते. तो टाप आपटून गणितं सोडवतो अशी ख्याती होती. ऑस्कर पफुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवलं की घोडा गणित करत नव्हता. विचारणाऱ्या माणसाच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचत होता. नातवाने मोबाइलवर घेतलेलं चित्रण आम्ही सावकाश फिरवून पाहिलं. पिवळा गोल ज्या बाजूला असेल त्या बाजूचा नानांचा खांदा किंचित खाली यायचा. नानांना स्वतःला ते दिसलं तेव्हा ते गप्प झाले, आणि मग म्हणाले, "म्हणजे हाऊ मन्हाकडेच देखी राहिंता." मला त्यात निराश होण्यासारखं काही वाटलं नाही. जो कुत्रा एप्रिलमध्ये फाटकाशी येत नव्हता, तो आता त्यांच्या खांद्याची बोटभर हालचाल वाचत होता. पण पडद्याचं उत्तर पडद्यावरूनच यायला हवं होतं, म्हणून त्यानंतर नाना कायम खुर्चीवर, पाठ करून. टिंग ऐकला की मागे न बघता तुकडा गोणपाटावर टाकायचे. पहिले काही दिवस टायगर रेंगाळला. पाऊस सुरू झाला तोवर नानांच्या पाठीकडे न बघता तो पुन्हा १५ वर होता.

खेळ कधी थांबवायचा, यावर मी कडक होते. जांभई, जिभल्या चाटणं, जमीन हुंगायला लागणं, तोंड वळवणं, यातलं काहीही दिसू लागलं की लगेच एक सोपा प्रश्न देऊन बंद. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, पाच-सात मिनिटं. तुकडे दिवसाच्या जेवणातूनच वजा. पाहुण्यांना ताकीद: शेव नाही, कांदा-लसूण घातलेल्या भरताचं बोट नाही, मनुका नाही, चॉकलेट नाही.

आता वही. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर काकूंनी रोज चार गोष्टी लिहिल्या: रात्री उठला का आणि किती वेळ फिरला, घरात घाण झाली का, नाना बाहेरून आल्यावर उठला का, आणि दिवसातून चार ठरलेल्या वेळी बघितलं तर जागा होता की झोपलेला. ही चौथी नोंद मला सगळ्यात मोलाची वाटते. दिवसभर लक्ष ठेवणं कुणाला शक्य नसतं. ठरल्या वेळी मान वळवून बघणं सगळ्यांना शक्य असतं. आठवणीवर विसंबलं तर माणूस चांगले दिवसच आठवतो.

जुलैच्या सुरुवातीला वही छान दिसत होती. रात्रीच्या फेऱ्या जवळजवळ निम्म्यावर, घाण क्वचित, दिवसा चारपैकी दोन-तीन वेळा जागा. नातू म्हणाला, टॅबने काम केलं. पण मे ते जुलै या काळात तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या: वेदनाशामक लागू पडलं होतं, वजन उतरायला लागलं होतं, आणि उन्हाळा संपला होता. यातलं कशाने काय झालं, हे वही बघून कुणीच सांगू शकलं नसतं.

उत्तर मिळालं ते ठरवून नाही. कॉलेज सुरू झालं, नातू टॅब घेऊन गेला. औषध तेच, जेवण तेच, चालणं तेच, हवा थंडच. फक्त खेळ नाही. काकूंनी वही चालू ठेवली, आणि यासाठी त्यांचे आभार मानावे तितके थोडे. श्रावणात कानबाई (खान्देशातला देवीचा सण) बसल्या तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं आणि टायगर त्या गडबडीत दिवसभर जागाच होता, म्हणून ते दिवस आम्ही हिशेबातून काढले. बाकीच्या नोंदींनी दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. रात्रीच्या फेऱ्या खेळ बंद असतानाही वाढल्या नाहीत. म्हणजे रात्र सुधारली ती मुख्यतः दुखणं आणि उष्मा कमी झाल्याने. दिवस मात्र घसरला. चारपैकी चारही वेळा झोपलेला, असे दिवस परत आले, आणि नाना आल्यावर उठणं कमी झालं. पोळ्याच्या सुमारास नानांनी स्वतःच्या पैशाने एक जुना टॅब घेतला, नातवाने फोनवरून खेळ चढवून दिला. दिवसाच्या नोंदी पुन्हा वर आल्या. मधे गेलेल्या काळात शिकलेलं टायगर विसरला नव्हता. पहिल्याच सत्रात पिवळ्या गोलाकडे गेला.

एका कुत्र्यावरून नियम निघत नाही. नाना खेळाच्या निमित्ताने रोज दोनदा त्याच्याबरोबर बसत होते, ती सोबतही बंद-चालू झाली होती. तिचा वाटा पडद्यापासून वेगळा काढता आलेला नाही. पण या घरापुरतं मी ठामपणे म्हणते: रोज सुटेल असा एक प्रश्न समोर असणं, हे टायगरच्या दिवसाला जागं ठेवत होतं. मेंदूचा आजार बरा झालेला नाही, होणारही नाही. बिजागरीच्या बाजूला उभं राहणं आजही आहे. खेळाचा त्यावर काडीचा परिणाम झाला नाही.

हे वाचून कुणी आजच टॅब कुत्र्यासमोर ठेवणार असेल तर दोन गोष्टी. पडद्यावर मासे, उंदीर, किडे पळतात असे तयार खेळ मिळतात. ते कुत्र्याला देऊ नका. पकडायला काहीच हाती लागत नाही, आणि काही कुत्र्यांना त्यातून उजेडामागे, सावलीमागे धावायचं वेड लागतं, जे नंतर सुटत नाही. आणि कुत्रा तरुण असेल, पाय धड असतील, तर टॅबचे पैसे वाचवा. चाळीसगावच्या रानात असो की तापीच्या काठाला, पहाटे त्याला दोरी ढिली सोडून हवं तिथे, हवा तितका वेळ हुंगू द्या. जे कुत्रं आठवडाभर साखळीला आहे त्याच्यासमोर पडदा ठेवणं मला मान्य नाही.

सध्या टायगर ३५ किलोवर आहे आणि नव्या कोड्यावर काम चालू आहे: पडद्यावर एक ओळखीची आणि एक कधीच न पाहिलेली आकृती, ओळखीची चूक हे आधीच ठाऊक, म्हणून न पाहिलेली निवडायची. म्हातारी कुत्री ज्यात सरस ठरली होती तेच, म्हणून मुद्दाम निवडलं. डोळ्यांचा धूसरपणा मात्र वाढतो आहे. निळ्या त्रिकोणाच्या कडा त्याला आता नीट दिसत नसाव्यात, कारण चुका तिथेच होतात. आकृत्या मोठ्या केल्या आहेत, उजेड कमी-जास्त करून पाहतो आहोत. त्याबरोबर काकूंनी स्टीलचे तीन डबे काढले आहेत, झाकणांना खिळ्याने भोकं पाडून. एकात लवंगांबरोबर ठेवलेला कापसाचा बोळा, दोन रिकामे. लवंगेच्या डब्याला नाक लावलं की तोच टिंग, तोच तुकडा, गोणपाटावर. पडदा दिसेनासा झाला तरी टिंगचा अर्थ टायगरला माहीत असेल, म्हणून ही तयारी डोळे चालू आहेत तोवरच सुरू केली आहे. दिवाळीत नातू आला की डब्यांची जागा बदलायचं काम त्याच्याकडे जाईल, म्हणजे लवंग कुठल्या डब्यात आहे हे नानांना कळणार नाही.